बरणीवरचा आकडा आणि आपला मध

मालवणच्या बाजारात आपण मध विकायला बसलो, की एखादा पर्यटक विचारतो, "मनुका मध आहे का? किती नंबरचा?" आपल्याकडे मनुका म्हणजे सुकवलेली द्राक्षं. पण त्याला हवा असतो न्यूझीलंडमधल्या मनुका नावाच्या झुडपाच्या फुलांचा मध. त्याच्या नंबराचा अर्थ आज समजून घेऊया.

अशा बरणीवर 'यूएमएफ १०+' असं छापलेलं असतं. फिनॉल हे जुनं जंतुनाशक. त्याचं १० टक्के द्रावण प्रयोगशाळेत जंतूंना जितकं रोखतं, तितकं हा मध रोखतो, असा त्या आकड्याचा मूळ अर्थ. दुसऱ्या बरणीवर 'एमजीओ २६३' असतं. म्हणजे एक किलो मधात मिथाइलग्लायॉक्सल हे जंतुरोधक द्रव्य निदान २६३ मिलिग्रॅम आहे. २६३ दिसायला मोठा, पण दोन्ही मधांची ताकद जवळपास सारखीच. मोजमापं वेगळी, इतकंच.

मग आपला सातेरीचा किंवा आग्याचा मध कमी का? तसं नाही. त्याची जंतूंशी लढण्याची रीत वेगळी. मधमाशीने मधात मिसळलेल्या एका पाचक रसामुळे त्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मध तापवला की तो रस निकामी होतो. म्हणून मध चुलीवर उकळू नये. पोळं पिळण्यापेक्षा पेटीतली पक्व चौकट यंत्रात फिरवून मध काढावा. मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आपल्या दमट हवेत ओलसर मध लवकर आंबतो, म्हणून झाकण घट्ट हवं.

आता दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवूया. दवाखान्यात जखमेवर वापरतात तो मध निर्जंतुक केलेला असतो. घरातल्या बाटलीतला मध भाजल्यावर किंवा जखमेवर लावू नये. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, घुटीतूनसुद्धा नाही. मध कितीही शुद्ध असला, तरी त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततात. घरात मोठी माणसं आग्रह करतील, तेव्हा हे शांतपणे समजावून सांगूया.

आपल्या लेबलवर न तपासलेला नंबर नको, 'औषधी' हा शब्दही नको. खोट्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मधमाशी कोणती, गाव कोणतं, मध कधी काढला, हे खरं लिहूया. गिऱ्हाईक त्यावरच परत येतं.