हातांचे गाऱ्हाणे

जानेवारीतील सकाळ. नाशिक असो वा ग्वाल्हेर, बँकेच्या काउंटरपुढे निवृत्तिवेतनासाठी आलेल्यांची रांग सारखीच असते. रांगेतील एक आजी शालीतून हात बाहेर काढतात, पैसे काढण्याच्या स्लिपवर सही करतात आणि काउंटरपलीकडचा कर्मचारी पडद्यावरील नमुना सहीकडे पाहून अडखळतो. "आजी, सही जुळत नाही हो. पुन्हा एकदा कराल का?" आजी पुन्हा प्रयत्न करतात. आयुष्यभर शाळेच्या फळ्यावर वळणदार अक्षर काढलेला तो हात. पण आज बोटांची टोके पांढरीफटक पडलेली असतात, सांधे सुजलेले असतात आणि पेन धरवत नाही. घरी सांगावे तर उत्तर मिळते, "वयोमानाने होणारच." दवाखान्यात विचारावे तर, "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत." दुखणे मात्र खरे असते.

गारठणारी बोटे आणि कारण न सापडलेली सांधेदुखी ही जोडी अनेक घरांत मुकाट्याने सोसली जाते. तक्रार जिवावर बेतणारी नसते, म्हणून रुग्ण ती सांगत नाही. डोळ्यांना फारसे काही दिसत नाही, म्हणून घरचे ती ऐकत नाहीत. आणि याच काळात, वेळीच आवरता आला असता असा एखादा आजार सांध्यांत घर करून बसण्याची शक्यता असते.

रंग बदलणारी बोटे

शरीराच्या गाभ्याचे तापमान सुमारे 37 अंश सेल्सिअस राखण्यासाठी थंडीत हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात. उष्णता बाहेर जाऊ नये, हृदय-मेंदूसारख्या अवयवांना ती पुरावी, ही त्यामागील योजना. प्रत्येकाच्या शरीरात हे घडते. पण काहींच्या बोटांतील रक्तवाहिन्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक आवळल्या जातात. फ्रीजमधून दुधाची पिशवी काढणे, वातानुकूलित कार्यालयात तासभर बसणे, पहाटे दुचाकी चालवणे एवढेही त्यासाठी पुरेसे होते. कधी नुसता मानसिक ताणही निमित्त ठरतो.

1862 साली पॅरिसमधील मॉरिस रेनो या तरुण वैद्याने आपल्या प्रबंधात या विकाराचे वर्णन केले. आजही तो 'रेनो' याच नावाने ओळखला जातो. रक्त अडले की बोटे पांढरी पडतात, प्राणवायू कमी पडला की निळसर होतात आणि रक्त परतू लागले की लालबुंद होऊन ठणकू लागतात. सर्वांत तिन्ही रंग दिसतीलच असे नाही. सावळ्या त्वचेवर पांढरेपणा चटकन कळत नाही; अशा वेळी नखे आणि बोटांची आतली बाजू पाहावी.

या विकाराचे दोन प्रकार आहेत. पहिला स्वतंत्र असतो. तो बहुधा पंधरा ते तीस या वयात सुरू होतो, स्त्रियांत अधिक आढळतो, दोन्ही हातांना सारखाच जाणवतो आणि सहसा बोटांना इजा करीत नाही. दुसरा प्रकार हा दुसऱ्याच एखाद्या आजाराची सावली असतो. तिशी-चाळिशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, एकाच हाताला किंवा मोजक्याच बोटांना होणारा त्रास, बोटांच्या टोकांवर पडणाऱ्या आणि लवकर न भरणाऱ्या जखमा, घट्ट होत जाणारी त्वचा, सुजणारे सांधे, तोंडातील व्रण, कारणाविना लागणारी धाप, यांपैकी काहीही सोबत असल्यास वैद्यकीय तपासणी टाळू नये. त्वचा ताठर करणाऱ्या स्क्लेरोडर्मा या आजाराच्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत बोटांचा हा विकार असतो आणि पुष्कळदा इतर लक्षणांच्या कितीतरी आधी तो डोकावतो. ल्युपस या आजारातही तो आढळतो. म्हणूनच 'गारठणारी बोटे' आणि 'दुखणारे सांधे' या दोन तक्रारी डॉक्टरांना एकत्र सांगणे महत्त्वाचे ठरते. रुग्ण बहुधा त्यांतील एकच सांगतो.

कारण कधी व्यवसायातही दडलेले असते. 1918 साली अमेरिकेतील ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरने इंडियाना राज्यातील दगड फोडणाऱ्या कामगारांची पाहणी केली. हवेच्या दाबावर चालणारे थरथरते हातोडे वापरणाऱ्या या कामगारांची बोटे थंडीत पांढरी व बधिर पडत असल्याचे त्यांनी नोंदवले. आज ड्रिल, ग्राइंडर यांसारखी यंत्रे रोज तासन्‌तास हाताळणाऱ्यांनाही हाच धोका असतो. अर्धशिशी, रक्तदाब किंवा सर्दीवरील काही औषधांनीही बोटांतील रक्तप्रवाह घटू शकतो. त्यामुळे चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आणि तंबाखू! बिडी, सिगारेट, मिसरी, गुटखा, रूप कोणतेही असो, निकोटिन रक्तवाहिन्या आवळते. भारतात बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत दिसणारा बर्जर रोग हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या बंद पाडतो आणि प्रसंगी बोटे गमावण्याची वेळ आणतो. त्यावर सर्वांत खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्णपणे सोडणे. 'थोडी कमी केली' एवढ्याने येथे भागत नाही.

सांध्यांची भाषा

हातातील कोणता सांधा दुखतो आणि तो केव्हा दुखतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत निम्मे निदान दडलेले असते.

नखाजवळचे सांधे किंवा अंगठ्याचे मूळ दुखत असेल, तेथे टणक गाठी जाणवत असतील, काम केल्यावर दुखणे वाढून विश्रांतीने कमी होत असेल, तर ती बहुधा झिजेची सांधेदुखी असते. सकाळी हात आखडतात, पण अर्ध्या तासाच्या आत सुटतात.

आमवाताची, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची तऱ्हा निराळी. मुठीचे सांधे, बोटांचे मधले सांधे आणि मनगटे, तीही बहुधा दोन्ही हातांची, सुजतात. सकाळचा ताठरपणा तासाहूनही अधिक टिकतो. काम सुरू झाल्यावर हात थोडा मोकळा होतो, विश्रांतीने मात्र पुन्हा आखडतो. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने हे घडते आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण दुप्पट-तिप्पट असते.

रात्री झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल व हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर दोष सांध्यात नसून मनगटात दाबल्या गेलेल्या चेतातंतूत असू शकतो. थायरॉइडचा विकार आणि मधुमेह यांच्याशीही त्याचा संबंध असतो. मधुमेह जुना असेल तर हात जोडून नमस्कार करून पाहावा. दोन्ही हातांची बोटे आणि तळवे एकमेकांना पूर्ण टेकत नसतील, तर बोटांचे सांधे ताठरू लागले आहेत, असे समजावे.

एक कारण महाराष्ट्राच्या चांगल्याच ओळखीचे आहे. 1973 साली बार्शी परिसरात चिकुनगुनियाची साथ आली होती. त्यानंतर तीन दशके शांत राहिलेला हा आजार 2005 च्या अखेरीस देशात परतला आणि 2006 मध्ये भारतभरात सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. 'चिकुनगुनिया' हा शब्द आफ्रिकेतील माकोंडे भाषेतील असून वेदनेने वाकून जाणे असा त्याचा आशय आहे. ताप आठवडाभरात उतरतो. बोटांची आणि मनगटांची दुखणी मात्र काहींना महिनोन्‌महिने सोडत नाहीत. त्यामुळे 'मागे कधी ताप येऊन गेला का?' या प्रश्नाचे उत्तर देताना काही महिन्यांपूर्वीचा तापही आठवावा.

रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरे

रक्तातील सूज दर्शविणाऱ्या चाचण्या, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, अँटी-सीसीपी, एएनए, थायरॉइड, क्ष-किरण तपासणी इतके सारे होते आणि तरीही निदान हाती लागत नाही. रुग्णाचा धीर येथेच सुटतो. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. आमवाताच्या काही रुग्णांत ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर कधीच सापडत नाही. उलट निरोगी वृद्धांत तो सापडू शकतो. एएनए ही चाचणीही काही निरोगी व्यक्तींत सकारात्मक येते. हाडांची हानी सुरुवातीच्या महिन्यांत क्ष-किरण चित्रात दिसत नाही. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट हा शेवटचा निकाल नव्हे. तो त्या दिवसापुरता पुरावा असतो. काही सांधेदुखी कारण न सांगता आपोआप मावळते, काही पुढील महिन्यांत आपले खरे रूप दाखवते. 'काही महिन्यांनी पुन्हा दाखवा' असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा ती टाळाटाळ नसते. त्या सल्ल्याप्रमाणे पुन्हा न जाणे, हीच खरी चूक ठरते.

दरम्यान एक साधी वही ठेवावी. सकाळी ताठरपणा किती मिनिटे राहिला, कोणते सांधे सुजले, बोटे कशाने पांढरी पडली आणि किती वेळ तशी राहिली, हे तिच्यात तारखेसह लिहावे. बोटे पांढरी पडतील त्याच क्षणी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती पूर्ववत झालेली असतात. सूज सहा आठवड्यांहून अधिक राहिल्यास संधिवाततज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. नखाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या भिंगाखाली पाहून हे तज्ज्ञ बरेच काही ओळखू शकतात. आमवात असेल तर पहिल्या काही महिन्यांत सुरू झालेले उपचार सांधे वाचवतात. वाकडी झालेली बोटे नंतर औषधांनी सरळ होत नाहीत. या आजारात पुष्कळदा दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. 'चार दिवसांत गुण' अशी हमी देणाऱ्या निनावी पुड्यांपासून दूरच राहावे, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते.

एका प्रसंगी मात्र वही बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. हात अचानक थंड, पांढरा आणि बधिर झाला, असह्य दुखू लागला आणि ऊब देऊनही रंग परतला नाही, तर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. तेथे तासांचाही विलंब परवडत नाही.

रोजच्या जगण्यातील उपाय

बोटे उबदार ठेवायची तर आधी अंग उबदार ठेवावे लागते. धड गारठले की शरीर बोटांचे रक्त कमी करते. म्हणून हातमोज्यांइतकेच महत्त्व स्वेटर, कानटोपी आणि पायमोज्यांना आहे. कार्यालयात वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतातील जागा बदलून घ्यावी. फ्रीजमधील वस्तू फडक्याने धराव्यात. बोटे पांढरी पडल्यास हात काखेत धरावेत, कोमट पाण्यात बुडवावेत किंवा खांद्यापासून गोल फिरवावेत. कढत पाणी, शेकोटी वा हीटरवर बधिर बोटे धरू नयेत. भाजल्याचेही कळत नाही. सुजलेल्या सांध्यांना बर्फाचा शेक काहींना मानवतो, पण ज्यांची बोटे पांढरी पडतात त्यांनी बर्फ टाळावा. एवढ्याने न भागल्यास रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे डॉक्टर देऊ शकतात.

सांध्यांवरील भार वाटून द्यावा. पिशवी बोटांत न अडकवता खांद्यावर घ्यावी, पातेले दोन्ही हातांनी उचलावे, कपडे पिळण्याचे आणि कणीक मळण्याचे काम घरातील इतरांनी वाटून घ्यावे. पेनभोवती कापडाची पट्टी गुंडाळून ते जाड केल्यास पकड सैल ठेवूनही लिहिता येते. संगणकावर काम करणाऱ्यांनी अधूनमधून मुठी उघड-मीट कराव्यात. फ्रेंच चित्रकार रेन्वार यांना ऐन पन्नाशीच्या सुमारास आमवाताने गाठले. पुढे बोटे पार वाकडी झाली, तेव्हा इतरांनी हातात ठेवून दिलेल्या ब्रशने ते रंगवत राहिले, ते थेट 1919 मधील मृत्यूपर्यंत. काम सोडण्यापेक्षा काम करण्याची रीत बदलणे त्यांनी पसंत केले.

काउंटरच्या दोन्ही बाजूंना

सही बदलली म्हणून कोणालाही स्वतःच्या पैशांसाठी अवघडून उभे राहावे लागू नये. आजारामुळे सही पालटली असल्यास शाखेत जाऊन नवी नमुना सही नोंदवता येते. सही करणेच अशक्य झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार अंगठ्याचा वा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्यासाठी बँकेला परिचित असे दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. 9 नोव्हेंबर 2017 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सत्तरीपुढील ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग आणि वैद्यकीय प्रमाणपत्र असलेले दीर्घ आजारी ग्राहक यांना रोख रक्कम घरपोच देणे, हयातीचा दाखला घरूनच स्वीकारणे अशा सेवांसाठी बँकांनी प्रयत्न करावेत, असे सांगितले. 2014 साली सुरू झालेल्या डिजिटल जीवनप्रमाणात बोटांचे ठसे उमटत नसल्याने ज्यांची अडचण होई, त्यांच्यासाठी 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही आली.

नियमांपलीकडचे थोडेसे माणसाच्या हाती असते. त्या आजींना कर्मचारी खुर्ची देतो, खिडकीतून उन्हाची तिरीप येते आहे तेथे दोन मिनिटे बसवतो. पांढरी पडलेली बोटे हळूहळू गुलाबी होतात. "आता करून पाहा आजी, घाई नाही." या वेळची सही जुळते. पुढच्या भेटीत नवी नमुना सही करून घेण्याचे ठरते, आणि निघताना तोच कर्मचारी सहज विचारतो, "हे दुखणे डॉक्टरांना दाखवलेत ना?" हातांचे गाऱ्हाणे ऐकून घेणारे कोणीतरी भेटले, की उपचारांची वाट तेथूनच सुरू होते.