चाळिशीतला धावदोरा

'मुलीला शिवणटिपण येतं का?' मुलगी बघायला आलेली मंडळी पूर्वी हा प्रश्न हमखास विचारायची. पोह्यांच्या बशा पुढे येण्याआधी भिंतीवरचा भरतकामाचा मोर दाखवला जायचा. तो मोर मुलीनं भरलाय की शेजारच्या वहिनींनी, याची चौकशी फारशी कुणी करत नसे! पुढे रेडिमेडचा जमाना आला. दिवाळीचं कापड शिंप्याकडे टाकायची पद्धत मागे पडली. घरातलं शिवणाचं मशीन कोपऱ्यात गेलं आणि त्यावर फुलदाणी बसली. 'मला बाई शिवण येत नाही' हे कौतुकानं सांगायची गोष्ट झाली.

माझी पिढी या मधल्या काळातली. बी.ए.ला मराठी वाङ्मय, मग लग्न, संसार, मुलं जरा मोठी झाल्यावर महिला मंडळ आणि बचत गटाचं काम. या सगळ्यात सुईशी संबंध आला तो शर्टाचं तुटलेलं बटण लावण्यापुरता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळानं शिवणवर्ग काढायचं ठरवलं. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. इथे कापड नवीन नाही. सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 साली उभी राहिली. चादरी तर जगाला माहीत आहेत. शाळेचे गणवेश शिवण्याचा धंदाही तिथे मोठा आहे आणि त्यावर कितीतरी बायकांची चूल पेटते. त्यामुळे वर्गाला बायका मिळतील याची खात्री होती. पण नाव नोंदवायला आलेली प्रत्येक जण दारातच थबकायची आणि विचारायची, 'ताई, या वयात जमेल का हो मला?' दहा जणींना 'जमेल की! न जमायला काय झालं?' असं ठणकावून सांगितलं आणि वहीत अकरावं नाव माझं स्वतःचं लिहिलं.

शिकवायला मिळाले गावातले जुने टेलर मास्तर. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्यांनी दुकान मुलाकडे सोपवलं होतं. आम्ही सगळ्या त्यांना काकाच म्हणतो. जुनी सहा पायमशीन मिळाली, देवळाशेजारचा हॉल मिळाला आणि आमचा वर्ग सुरू झाला.

पहिले तीन दिवस काकांनी दोऱ्याला हातच लावू दिला नाही. मुलांच्या जुन्या वह्यांची रेघी पानं दिली आणि नुसत्या सुईनं रेघेवर मशीन चालवायला लावलं. ऐकायला सोपं वाटतं ना? पण पायमशीनचं चाक हे भारी हट्टी प्रकरण. हातानं चाक आपल्याकडे फिरवायचं आणि त्याच लयीत पाय हलवत राहायचं. लय चुकली की चाक उलटं फिरतं. दोरा ओवलेला असेल तर तो तटकन तुटतो. आमच्यातल्या एक आजी (वय वर्षं एकसष्ट) म्हणाल्या, 'अवो, फुगडीसारखं हाय हे. पाय मोजायला गेलं की पडायचं, नुसतं फिरत ऱ्हायचं!' आणि खरंच, सगळ्यात आधी लय सापडली ती त्यांनाच.

मग दोरा आला आणि खरी गंमत सुरू झाली. पहिल्या आठवड्यात किती सुया मोडल्या याचा हिशेब काकांनी ठेवला नाही, हे त्यांचे उपकार. नवशिक्या बाईला सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे कापडाखाली होणारा दोऱ्याचा गुंता. वरून टीप छान दिसते, कापड उलटं करावं तर खाली नुसतं झिपरं! साहजिकच सगळ्या जणी खालची बॉबिन काढून तिच्यामागे लागतात. काकांनी पहिला धडा दिला तो हाच. 'गुंता खाली दिसतो, पण बहुतेक वेळा बिघाड वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा दोरा सैल असला की तो खाली लोंबतो आणि तिथं जाळं होतं. आधी वरचा दोरा पूर्ण काढा आणि पहिल्यापासून ओवा.' एका आजींनी लगेच शेरा मारला, 'घरात बी तसंच असतंय की!' अख्खा हॉल हसला.

हे दोन दोऱ्यांचं गणित मला फार आवडलं. हातशिलाईत एकच दोरा कापडाच्या आरपार जातो. मशीनमध्ये वरचा दोरा सुईचा आणि खालचा बॉबिनचा. दोघं कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात आणि टाका पक्का होतो. त्यासाठी सुईचं नेढं टोकाजवळ लागतं. हाताच्या सुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं पुढे. अशा दोन दोऱ्यांच्या मशीनचं पेटंट अमेरिकेत एलियस हाऊ यांनी 1846 साली घेतलं आणि 1851 मध्ये आयझॅक सिंगर यांचं मशीन आलं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं. बायकोचे हातानं शिवताना होणारे कष्ट बघून माणसाच्या मनात या यंत्राची कल्पना आली, त्यामागे प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे 1930 च्या दशकात कोलकात्यात 'उषा'ची मशीन तयार होऊ लागली आणि आपल्या आई-मावश्यांच्या घरात ती काळी, सोनेरी नक्षीची मशीन आली.

मशीनवर हात बसल्यावर कापडाची ओळख सुरू झाली. कापडालाही स्वभाव असतो, मैत्रिणींनो! काठाला समांतर धागा म्हणजे उभा, तो ताणला तरी फारसा वाढत नाही. आडवा थोडा देतो. आणि कापड तिरकं धरून ओढलं तर ते रबरासारखं लांबतं. म्हणून गळ्याला, मुंढ्याला लावायची पट्टी तिरकी कापतात, ती गोलाईवर सुरेख वळते. सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं. ब्लाउजचं अस्तरसुद्धा भिजवायचं. अस्तर आटलं आणि वरचं कापड नाही आटलं, की ब्लाउजला चुण्या पडल्याच म्हणून समजा. आपण दुकानात 'टू बाय टू' मागतो ना, त्याचा अर्थही मला इथेच कळला. उभा आणि आडवा, दोन्ही धागे दुपदरी पिळाचे, म्हणून ते कापड टिकतं आणि अंगावर नीट बसतं.

पहिल्या वस्तू ठरलेल्या: रुमाल, बाजाराची पिशवी, पायपुसणं. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून कापडी पिशवीला बरे दिवस आलेत. जुन्या पँटची, पडद्याची, बेडशीटची पिशवी दणकट होते. फक्त बंद जिथे जोडतो तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारायची, मग पाच किलो गहू घातले तरी बंद निसटत नाही. त्यानंतर झबलं-टोपडं. बाळाचं पहिलं झबलं जुन्या मऊ साडीचं का करतात, हे काकांनी एका वाक्यात सांगितलं, 'नवीन कापडाची खळ बाळाला टोचते.' शिवणीच्या कडासुद्धा बाहेरच्या बाजूला ठेवायच्या, म्हणजे कोवळ्या कातडीला काचत नाहीत. मग सहा कळ्यांचा परकर, आणि सगळ्यात शेवटी ब्लाउज.

मधल्या वेळात गोधडी. सासूबाईंच्या मऊ झालेल्या सुती नऊवारी माझ्याकडे ट्रंकेत होत्या. फेकवत नव्हत्या, नेसवत नव्हत्या. त्यांचे थर घातले आणि धावदोरा घालायला आम्ही चौघी-पाच जणी सतरंजीवर बसलो. धावदोरा हा सगळ्यात साधा टाका, सुई खाली-वर, खाली-वर. पण हात चालू असले की तोंडही मोकळं होतं. मंडळाच्या बैठकीत वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या बायका गोधडीच्या कडेला बसून बोलल्या. कुणाचं कर्ज, कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाच्या मुलीचं थांबलेलं कॉलेज. मी समाजकार्यात इतकी वर्षं आहे, पण इतकं मला कुठल्याच फॉर्मवर वाचायला मिळालं नव्हतं.

तिथेच आमच्या वर्गातली सगळ्यात धाकटी बोलती झाली. लहान मुलीला घेऊन ती माहेरी परत आली होती. भाऊ चांगला, वहिनीही वाईट नाही. पण 'वहीसाठी पैसे दे' हे दर वेळी दुसऱ्याला सांगावं लागणं तिला आतून खात होतं. तिचा हात मात्र सगळ्यांत सफाईचा. चार महिन्यांत तिचा ब्लाउज असा बसायला लागला, की काकांनी उलटसुलट करून बघितला आणि काही न बोलता परत दिला. काका बोलले नाहीत म्हणजे पहिला नंबर!

नवरात्राच्या तोंडावर तिच्याकडे नात्यातल्या, गल्लीतल्या बायकांची रीघ लागली. रात्री जागून तिनं सात ब्लाउज शिवले. हातात काय आलं? एक खण, एक नारळ आणि 'घरचीच तर आहेस, तुझ्याकडून काय पैशाचं बोलायचं!' दोरा, हुक, अस्तर, विजेचं बिल, सगळं तिच्या पदरचं.

त्या आठवड्यात वर्गात शिवण झालं नाही, हिशेब झाला. एका ब्लाउजला दोरा किती, हुक किती, कापायला किती वेळ, शिवायला किती, हातशिलाईला किती. बायकांनी घड्याळ लावून मोजलं. स्वतःच्या वेळेच्या रकान्यात काय लिहायचं, इथे मात्र सगळ्या अडल्या. 'माझ्या वेळेचं काय एवढं? घरीच तर असते.' मैत्रिणींनो, आपल्या बायकांचा सगळ्यात मोठा गुंता हाच आहे. शेवटी काकांनीच विचारलं, 'मी घरी बसून शिवलं असतं तर फुकट दिलं असतं का?' रकाना भरला.

दरपत्रक तयार झालं आणि तिच्या भावाच्या ओसरीवर लागलं. पहिले दोन आठवडे कुणी फिरकलं नाही. चुलत काकूंनी तर दिलेलं कापड परत नेलं आणि 'पैशाला चटावली' असंही सुनावलं. ती रडली. पाटी काढू का, असं विचारायला माझ्याकडे आली. मी म्हटलं, 'दिवाळीपर्यंत थांब.' दिवाळीआधी एक जण आली, मग दुसरी. चांगला बसलेला ब्लाउज बाईला विसरता येत नाही हो! काकू अजून आलेल्या नाहीत. पण मुलीच्या शाळेचा खर्च आता ती स्वतः भागवते आणि गॅसच्या टाकीतला अर्धा वाटा वहिनीच्या हातात ठेवते. वहिनीनंही संध्याकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतलाय, नणंदेला मशीनवर बसता यावं म्हणून.

शिवण शिकून बाईनं पायावर उभं राहावं, हा विचार आजचा नाही. पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभारलं तेव्हा विधवांच्या हाती पोटापाण्याचं काही असावं, हीच तळमळ त्यामागे होती. आज सरकारी मदतही आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. गावातल्या सेवा केंद्रावर ताजे नियम विचारून घ्या.

आणि ज्यांना कमाई करायची नाही, नुसतं शिकायचंय, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. कोपऱ्यातल्या मशीनवरची फुलदाणी आधी उचला. मशीनला मशीनचंच तेल घाला, खोबरेल नको, ते आत चिकट होऊन बसतं. सुई बोथट झाली की लगेच बदला, कापड खेचलं जाणार नाही. उजेड डावीकडून येईल असं बसा आणि तासाभरानं उठून पाठ मोकळी करा. सुरुवात जुन्या चादरीच्या पिशवीपासून करा, नव्या साडीच्या ब्लाउजपीसपासून नको.

आमच्या वर्गाची दुसरी तुकडी आता सुरू होतेय. एकसष्टीच्या आजी या वेळी शिकवणाऱ्यांच्या बाजूला बसणार आहेत. त्यांनी एकच अट घातलीय, मानधन ठरवून द्या, नारळ नको!