यात भरती कुठे आहे?

संगणकशास्त्राच्या पदवीत काही ठिकाणी ‘स्वतंत्र अभ्यास’ घेता येतो. वर्ग नाही, ठरलेलं पुस्तक नाही. प्रश्न विद्यार्थ्याने आणायचा, एका प्राध्यापकाने दर आठवड्याला त्याची उलटतपासणी करायची आणि सत्राअखेर लेखी अहवालावर श्रेयांक मिळायचे. मी तो घेतला तेव्हा 22 जुलै 2021च्या पुराची गाळरेघ महाडच्या आमच्या घराच्या भिंतीवर अजून होती.

‘पुराचा अंदाज सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा माझा प्रस्ताव सरांनी परत केला. “एवढं आभाळ नको, एक वाक्य आण.” तीन आठवडे त्या वाक्यात गेले: महाबळेश्वरला पाऊस झाल्यावर सावित्रीचं पाणी पोलादपूरवरून महाडला किती वेळाने चढतं? जुन्या नोंदी उतरवल्या, आज्ञावली लिहिली. उत्तरं कधी जुळत, कधी साफ चुकत. चूक मी आज्ञावलीतच शोधत बसलो. सरांनी एवढंच विचारलं, “यात भरती कुठे आहे?”

महाड हे जुनं खाडीबंदर. बाणकोटकडून भरती चढली की पुराला ओसरायला वाट राहत नाही. मी लहान असल्यापासून आजी हे सांगायची. संगणकाला मी सांगितलंच नव्हतं. गांधारी आणि काळ या नद्याही वगळल्या होत्या.

भरतीचं कोष्टक घातल्यावर चुका घटल्या, संपल्या नाहीत. माझ्याकडे पाऊस दिवसाच्या बेरजेत होता. त्यातून तासांचं उत्तर कसं निघणार? ‘या अंदाजावर कुणी विसंबू नये,’ असं अहवालात स्पष्ट लिहिलं. गुण चांगले मिळाले.

पुढच्या जूनमध्ये आईने विचारलंच, “मग यंदा धान्य माळ्यावर कधी चढवायचं?”