बैठक पक्की हवी

मराठीत ‘बैठक’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे. गाण्याची बैठक असते, लावणीचीही असते. तालमीत जोरांच्या जोडीला बैठका असतात, जुन्या घरात बैठकीची खोली असते आणि अमुक लेखकाची वैचारिक बैठक कच्ची आहे, असे लिहून समीक्षक अधूनमधून आम्हा लेखकांची झोप उडवतात. बसण्याची जागा आणि तिच्याखालचा पाया या दोन्हींना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण ‘सीट’ म्हणून मोकळे होतो. मग उरते ती गादी, तिचे कव्हर आणि कव्हराचा रंग. पत्र्याच्या गाडीत हे खपून जाते, कारण पाया कारखान्यानेच घालून दिलेला असतो. फायबरग्लासच्या जुन्या, हौसेने बांधलेल्या गाडीत सीट बदलायला निघालेल्या माणसाला हा पायाही स्वतःच घालून घ्यावा लागतो.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या तंतूंची चटई आणि तिला कडक करणारे रेझिन. गणेशोत्सवातले देखावे, बागेतल्या घसरगुंड्या, कोकणातल्या होड्या यांतून हा पदार्थ आपल्या परिचयाचा आहे. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोले कंपनीने ‘कॉर्व्हेट’ गाडीचे सगळे अंग याच पदार्थाचे केले. पत्रा दाबून आकार द्यायचा तर अजस्र प्रेस आणि महागडे साचे लागतात, आणि गाड्या हजारोंनी खपल्या तरच तो खर्च भरून निघतो. फायबरग्लासला लाकडाचा किंवा प्लॅस्टरचा साचा आणि चार सराईत हात पुरतात. बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणे तपासण्यात ज्याची उमेद गेली, त्याला या हिशेबातली मोहिनी लगेच कळते. थोड्या भांडवलात, थोड्या संख्येने, पण स्वतःच्या नावाची मोटार!

याच हिशेबातून सुट्ट्या भागांची, म्हणजे ‘किट’ गाडी फोफावली. कॉलिन चॅपमन यांची ‘लोटस सेव्हन’ १९५७ साली आली. इंग्लंडात तयार मोटारीवर खरेदीकर होता, सुट्ट्या भागांच्या संचावर नव्हता. मात्र संचाबरोबर जोडणीच्या सूचना द्यायला बंदी होती. तेव्हा कंपनीने म्हणे गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या उलट्या क्रमाने वाचल्या! ही गोष्ट मोटारवेडे आजही रंगवून सांगतात. १९७३ साली तिकडे मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट बुजली.

आपल्याकडेही या पदार्थाने काही जणांना झपाटले. बंगलोरच्या सिपानींनी इंग्लंडच्या ‘रिलायंट किटन’वरून १९८२ साली ‘डॉल्फिन’ काढली. १९९८ साली गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन माणसांची उघडी गाडी तयार होऊ लागली. तिचा आराखडा फ्रान्समधला आणि इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे. या शतकाच्या पहिल्या दशकात अलिबागजवळ गिडो आणि शमा बोथे यांच्या ‘चिंकारा’ कंपनीने थेट लोटस सेव्हनच्या घाटाची ‘रोडस्टर’ बांधली आणि तिच्यात अ‍ॅम्बॅसेडरला बसणारे इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन घातले. यांतली एकही गाडी मोठ्या संख्येने निघाली नाही. ज्या निघाल्या, त्यांतल्या काही आज कुणाच्या बंगल्याच्या पडवीत, कुणाच्या गोदामात ताडपत्रीखाली उभ्या आहेत.

अशा गाडीचे अंग गंजत नाही. सगळ्यात आधी जाते ती बसायची जागा. उघड्या गाडीत ऊन थेट रेक्झिनवर पडते आणि ते तडकते. चिरेतून पावसाचे पाणी फोममध्ये मुरते, फोमचा भुगा होतो आणि त्या ओलीने आतला लोखंडी सांगाडा गंजतो. कारखान्याचे सुटे भाग मिळायचे दिवस केव्हाच गेलेले असतात. मग मालक पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांपासून मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारापर्यंत पायपीट करतो आणि भंगारातल्या एखाद्या लहान मोटारीच्या दोन सीट उचलून आणतो. अर्धा प्रश्न सुटला, असे त्याला वाटते. खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

पहिली अडचण मापाची. जुन्या दोन सीटांच्या गाडीत दार आणि मधला बोगदा यांच्यातली जागा अरुंद असते. मूळ लोटस सेव्हनमध्ये तर सीट म्हणजे जवळजवळ जमिनीवर टाकलेल्या पातळ उशाच होत्या. नेहमीच्या मोटारीची सीट तिथे रुंदीला मावली, तरी उंचीला जास्त होते. तिच्याखाली सरकपट्ट्या आल्या की बसणारा आणखी वर जातो. मग गुडघे स्टिअरिंगला घासतात आणि डोळे काचेच्या वरच्या कडेशी येतात. माप घ्यायचे तर रिकाम्या सीटचे घेऊन भागत नाही. जो गाडी चालवणार, त्याला बसवून, फोम दबल्यावर घ्यावे लागते. क्लच पूर्ण दाबला तरी पाय ताठ होऊ नये, पाठ टेकलेली असताना स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर मनगट टेकावे, ही साधी कसोटी.

दुसरे काम कुशनवाल्याचे, आणि त्यात पुण्याचे कारागीर हार जाणारे नाहीत. तयार सीट बसत नसेल तर जुन्या सांगाड्याला डाग देऊन, नवी पट्टी लावून तो उभा करता येतो. जाणता कारागीर जुने कव्हर फाडून टाकत नाही. शिवण उसवून तुकडे सुटे करतो आणि त्यांवरून नवे बेततो. बुडाखाली घट्ट फोम, त्यावर मऊ फोमचा पातळ थर, मांड्यांच्या बाजूंना जरा उंचवटा, कडेला पाइपिंग. उघड्या गाडीत फोमखाली पाणी निचरायला वाट ठेवायची, हे तो न सांगताही करतो. त्याचे काम डोळ्यांना दिसते, हाताला लागते, म्हणून त्याचे कौतुकही होते.

तिसरे काम कुणाला दिसत नाही, आणि जीव त्याच्याच भरवशावर असतो. ते म्हणजे सीट खाली आवळण्याचे.

थोडे गणित करू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. त्या वेगाने गाडी आदळली आणि पुढचा भाग चेपत आतल्या माणसासह ६० सेंटीमीटरांत थांबली, तर ७० किलोच्या माणसाची पुढची ओढ सरासरी ११५० किलोंच्या आसपास जाते. मारुती ८०० गाडीच्या वजनाच्या दीडपटीहून ही अधिक झाली. त्याचा पट्टा सीटला किंवा तळाला बांधलेला असेल, तर एवढी ओढ मोजक्या बोल्टांवर येते. पोलादी पत्रा अशा वेळी वाकतो, ताणतो, ओरबाडला जातो, पण पटकन सोडत नाही. फायबरग्लास वाकून सांगत नाही, एकदम फाटतो. शिवाय बोल्ट फार आवळला तर रेझिन त्याच्याखाली चिरडते आणि वर्षभरात तोच बोल्ट आपोआप सैल होतो. आठ मिलिमीटरच्या बोल्टाखालचा साधा वॉशर जेमतेम दीड चौरस सेंटीमीटर जागेवर टेकतो. तेवढ्यावर हजार किलो तोलायचे म्हणजे ओल्या पापडावर खलबत्ता ठेवण्यासारखे.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. भार पसरायचा. शर्यतीच्या गाड्यांसाठी ‘एफआयए’ या जागतिक संस्थेचा दंडक असा, की सीटच्या आधारांना किमान चार ठिकाणी, किमान ८ मिलिमीटरचे बोल्ट असावेत, आणि दर ठिकाणी मागून ३ मिलिमीटर जाडीची, ४० चौरस सेंटीमीटरांची पोलादी पट्टी असावी. म्हणजे साडेसहा सेंटीमीटर बाजूचा चौकोन. साध्या वॉशरच्या पंचवीसपट टेकू झाला. पट्टीचे कोपरे घासून गोल करायचे, नाहीतर तेच तळाला कापतात. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा पाहून घ्यायचा. याहून उत्तम म्हणजे तळाखाली पोलादी नळ्यांची चौकट असेल, तर सीट आणि पट्टा तिलाच धरवावेत आणि फायबरग्लासवर भार येऊच देऊ नये. मात्र चौकटीवर कंस जोडताना वेल्डिंगची धग बाजूच्या फायबरग्लासला लागली, तर रेझिन जळते, पेटही घेते. कंस बाहेर तयार करून बोल्टाने बसवणे शहाणपणाचे.

भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली आडवे होऊन बघावे. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, वायरी बहुधा त्याच वाटेने गेलेल्या असतात. भोकाच्या जागी चिकटपट्टी लावली आणि मागून लाकूड धरले, तर वरचा गुळगुळीत थर तडकत नाही. उघडी पडलेली कड रेझिनने बंद करावी, नाहीतर तंतू पाणी ओढतात. तोंडावर फडके हवेच. काचेची धूळ फुप्फुसालाही सोडत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितले. सीटची संख्या नोंदणीपत्रात असते, तेव्हा दोनाच्या जागी मागे तिसरी फळी टाकण्याचा मोह टाळलेला बरा. २०२१ पासून पन्नास वर्षांपलीकडच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू लागली. तिची अट अशी, की सांगाडा, अंग आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. या हिशेबाने १९८२ची डॉल्फिन २०३२ नंतर आणि १९९८ची सॅन स्टॉर्म २०४८ नंतर सरकारदरबारी ‘विंटेज’ ठरेल. तोवर त्या नुसत्याच जुन्या, म्हणजे कुणाच्याच जमाखर्चात न बसणाऱ्या.

मला चिंता वाटते ती या मधल्या वर्षांची. मोठ्या कंपनीची गाडी नामशेष झाली तरी तिचे आराखडे, पुस्तके, सुटे भाग कुठेतरी उरतात. लहान कारखाना बंद पडला की त्याची दप्तरेही रद्दीत जातात. मग ती सीट कशी होती, किती कोनात होती, कशावर आवळली होती, याचा एकमेव पुरावा म्हणजे गाडीतली जुनी सीट. म्हणून काढताना छायाचित्रे घ्यावीत, बोल्टांची जागा मोजून लिहावी आणि गंजलेला सांगाडाही माळ्यावर टाकावा, भंगारात नव्हे. नवे भोक जुन्याच जागी पाडता आले तर फारच चांगले. पुढे कुणाला गाडी मूळ रूपात आणायची असेल, तर त्याची वाट आपण बंद केलेली नसेल.

गादीच्या खर्चापुढे चार पट्ट्यांचा आणि आठ बोल्टांचा खर्च किरकोळ असतो, आणि नेमका तोच टाळला जातो, कारण तो कुणाला दाखवता येत नाही. सिंहगड रस्त्याला रविवारी सकाळी अशी गाडी निघाली की लोक वळून बघतात. बघणाऱ्याला लाल रेक्झिन दिसते आणि पांढरी शिवण दिसते. शेजारी बसलेली नात टोपी सांभाळत हसत असते. तिने चढताना सीटखाली वाकून पाहिलेले नसते. ते आधीच कुणीतरी पाहिले आहे, असे ती धरून चालते.