होम थिएटर संगणक आणि मीडिया सर्व्हर

होम थिएटर संगणक हा दूरचित्रवाणी संचाला जोडून चित्रपट, संगीत व छायाचित्रे पाहण्या-ऐकण्यासाठी वापरला जाणारा वैयक्तिक संगणक होय. त्यातील फाइली ज्या वेगळ्या यंत्रावर साठवल्या जातात, त्यास मीडिया सर्व्हर म्हणतात.

इतिहास

मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती आणली. त्याच सुमारास एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी सुरू झालेला मुक्त प्रकल्प पुढे एक्सबीएमसी आणि २०१४ पासून कोडी या नावाने ओळखला जाऊ लागला. जेलिफिन हे मुक्त सर्व्हर सॉफ्टवेअर डिसेंबर २०१८ मध्ये एम्बीपासून वेगळे झाले.

रचना

दोन यंत्रे वेगळी ठेवल्यास दिवाणखान्यातील संगणक लहान व आवाजरहित राहतो. हार्ड डिस्क व पंखे असलेला सर्व्हर दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. सर्व्हरसाठी वापरलेला कार्यालयीन डेस्कटॉप पुरेसा ठरतो. असे संगणक व सुटे भाग मुंबईत ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोडच्या बाजारात मिळतात. जुना संगणक घेताना प्रोसेसरची पिढी पाहणे आवश्यक असते: इंटेलच्या सातव्या पिढीपासून १०-बिट एचईव्हीसी चित्रफितींचे विसंकेतन हार्डवेअरमध्ये होते. त्याआधीच्या यंत्रांत तो भार मुख्य प्रोसेसरवर पडून चित्र अडखळू शकते.

जाळे

ठाण्यातील घोडबंदर रोडलगतच्या उंच इमारतींप्रमाणे सिमेंट काँक्रीटच्या भिंती असलेल्या सदनिकांत ५ गिगाहर्ट्‌झचा वाय-फाय संकेत एक-दोन भिंतींनंतर क्षीण होतो. त्यामुळे सर्व्हर व राउटर केबलने जोडणे श्रेयस्कर असते. ब्ल्यू-रे चित्रपटाचा कमाल वेग सुमारे ४८ मेगाबिट प्रतिसेकंद असल्याने १०० मेगाबिटची जोडणी त्यास पुरते. ४के ब्ल्यू-रेचा वेग १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकत असल्याने तेथे गिगाबिट जोडणी लागते.

वीजखर्च

खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते, परंतु सर्व्हर अहोरात्र चालतो. सतत ६० वॉट घेणारा जुना डेस्कटॉप ३० दिवसांत सुमारे ४३ युनिट वीज वापरतो. १५ वॉटचा छोटा संगणक सुमारे ११ युनिट. म्हणून स्वस्तात मिळालेले यंत्र काही वर्षांत महाग ठरू शकते. इमारतीतील जनरेटर केवळ लिफ्ट व सामाईक जागांपुरता असल्यास लहान यूपीएस उपयोगी पडतो. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास फाइली बिघडण्याचा धोका असतो.

सुरक्षित प्रती

चित्रपट पुन्हा मिळवता येतात, घरगुती चित्रीकरण येत नाही. मिनी डीव्ही कॅसेटचा एक तास मूळ रूपात सुमारे १३ गिगाबाइट जागा घेतो. तीन तासांच्या लग्नसमारंभास सुमारे ३९ गिगाबाइट लागतात. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणारी रेड १ रचना डिस्क निकामी झाल्यास उपयोगी पडते. मात्र चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी नाहीशी होते. त्यामुळे तीन प्रती, दोन प्रकारची साधने व एक प्रत घराबाहेर, उदाहरणार्थ डोंबिवलीतील वा गावाकडील नातेवाइकांकडे, असा संकेत पाळला जातो.

कायदेशीर बाजू

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या न्याय्य व्यवहारास सूट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेले कलम ६५अ हे हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडण्यास दंडनीय ठरवते.