हवेच्या बंदुकीचा कॉम्प्रेसर: उष्णता, पाणी आणि तेल

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे बहुतेकांनी लहानपणी हात लावून पाहिलेले असते. हवा दाबली की ती तापते. याच हवेत डोळ्यांना न दिसणारे पाणी असते आणि ती दाबली की ते बाहेर पडते, हे मात्र सायकलच्या पंपात सहसा ध्यानात येत नाही. कारण तेथील दाब अगदी किरकोळ असतो. हवेच्या बंदुकीची टाकी भरणाऱ्या छोट्या यंत्रात या दोन्ही गोष्टी इतक्या प्रमाणात घडतात की, त्या यंत्राचे खरे काम हवा दाबणे हे नसून उष्णता आणि पाणी यांची वासलात लावणे हे आहे, असे म्हटले तरी चालेल. हे ज्याच्या ध्यानात आले नाही त्याचे यंत्र एका पावसाळ्यातच निकामी होते. कधीकधी नुकसान यंत्रापुरते मर्यादित राहत नाही.

दाबलेल्या हवेने गोळी झाडण्याची कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरांदोनी याने तयार केलेली हवेची बंदूक वापरात होती. तिच्या दस्त्याचा भाग हीच हवेची टाकी असे आणि ती हातपंपाने भरण्यासाठी दीड हजारांच्या आसपास दट्टे मारावे लागत. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेण्यासाठी १८०४ साली निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीनेही अशी एक बंदूक बरोबर नेली होती. पुढे स्प्रिंगच्या, एका दट्ट्याच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या बंदुका आल्या. आज १० मीटर अंतराच्या स्पर्धांमध्ये मात्र आधीच भरून ठेवलेल्या हवेची बंदूकच सर्वत्र दिसते. तिच्या नळीखाली एक बारीक टाकी असते. टाकीतील हवा साधारण २०० बार दाबाची असते आणि ती नियामकातून थोडी थोडी सोडली जाते. एकदा टाकी भरली की शंभराहून अधिक छर्रे झाडता येतात, आणि पहिला व शेवटचा छर्रा जवळजवळ एकाच वेगाने जातो. रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेथे वेगातील किंचित फरकदेखील परवडत नाही.

२०० बार म्हणजे किती? स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एका बारने जास्त असतो. मोटारीच्या चाकात तो दोन-सव्वादोन बार असतो. २०० बार दाबाला अंगठ्याच्या नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर दोनशे किलो वजनाचा भार पडतो. २०० मिलिलिटरच्या टाकीत या दाबाने भरलेली हवा एकदम सुटली तर ती सुमारे आठ हजार ज्यूल काम करू शकते. चाळीस किलोचे पोते वीस मीटर उंच उचलण्यास एवढी शक्ती लागते. याउलट स्पर्धेच्या रायफलीतून सुटणाऱ्या एका छर्‍याची ऊर्जा आठ ज्यूलच्या आत असते. बंदुकीचे तोंड कोणाकडे धरू नये हे लहान मुलांनाही शिकवलेले असते. पण टाकीत त्या छर्‍याच्या हजारपट ऊर्जा कोंडलेली आहे, हे मोठ्यांनाही सांगावे लागते.

दिल्लीतील नेमबाजीचे मुख्य केंद्र म्हणजे तुघलकाबादची डॉ. करणी सिंग शूटिंग रेंज. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी ती उभी राहिली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी तिचे नूतनीकरण झाले. त्याच स्पर्धांचे क्रीडाग्राम यमुनेच्या पूर्व तीरावर, अक्षरधामजवळ, मयूर विहारला लागून बांधले गेले. सिडनीत २००० साली अंजली भागवत आणि अथेन्समध्ये २००४ साली सुमा शिरूर यांनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळवले. २०२२ साली कैरो येथे ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील विश्वविजेता झाला. या साऱ्यांचा प्रकार एकच, १० मीटर एअर रायफल. या यशांमुळे पुण्या-मुंबईत काय किंवा दिल्लीत काय, घरातील मुलगा किंवा मुलगी नेमबाजी शिकते हे आता नवलाचे राहिलेले नाही. रेंजवर हवा भरून मिळते. परंतु मयूर विहारसारख्या वसाहतीतून यमुना ओलांडून तुघलकाबादला केवळ हवा भरण्यासाठी जाणे परवडणारे नसते. हातपंपाने २०० बार गाठता येतात खरे, मात्र शेवटचे पन्नास बार भरताना मोठ्या माणसालाही आपले सारे वजन पंपावर टाकावे लागते. मग स्वस्तातला विजेचा कॉम्प्रेसर घरात येतो.

या स्वस्त यंत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला डब्याएवढा, बारा व्होल्टवर चालणारा आणि पंख्याने थंड होणारा. तो बंदुकीची लहान टाकी भरण्यापुरताच आहे. त्याच्यावर पाणबुड्यांचे मोठे सिलिंडर भरण्याचे काम लादले तर तो थोड्याच दिवसांत संपतो. दहा-पंधरा मिनिटे चालवून त्याला विश्रांती द्यावी लागते. दुसरा प्रकार वजनदार, सुमारे १.८ किलोवॉटच्या मोटारीचा आणि तेलाच्या वंगणावर चालणारा. त्याच्या डोक्याभोवती पाणी खेळते आणि ते पाणी बादलीत बुडवलेला छोटा पंप पुरवतो. याची मोटार सुरू होताना क्षणभर पुष्कळ वीज ओढते. म्हणून त्याला पंख्या-दिव्यांचा साधा प्लग चालत नाही; गिझरसाठी असतो तसा जाड तारेचा, अर्थिंग असलेला पॉवर पॉइंट हवा. बादलीभर पाण्याशेजारी वीज चालणार आहे, हे विसरून चालणार नाही.

दोन्ही प्रकारांत हवा दोन टप्प्यांत दाबली जाते. ती एकदम ३०० बारपर्यंत दाबली तर सैद्धान्तिक हिशेबाने तिचे तापमान बाराशे अंश सेल्सियसच्या वर जाईल. तेच काम प्रत्येकी सतरापट अशा दोन टप्प्यांत केले आणि मध्ये हवा थंड होऊ दिली, तर तापमान चारशे अंशांच्या आसपास राहते. धातूच्या भिंती व बाहेरचे पाणी बरीच उष्णता शोषून घेत असल्यामुळे प्रत्यक्षात ते याहून कमी असते. परंतु पाणी खेळत नसेल तर हा हिशेब खरा होऊ लागतो आणि दट्ट्याच्या कड्या व रबरी ओ-रिंगा जळतात. डोक्याचे तापमान साठ-सत्तर अंशांच्या आत ठेवावे, हा बरा दंडक आहे. दिल्लीत याला एक स्थानिक अडचण आहे. जून महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हातही धरवणार नाही इतके तापलेले असते. असे पाणी बादलीत घेऊन यंत्र थंड होण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय. पाणी आदल्या रात्री भरून घरात ठेवावे, वाटल्यास त्यात बर्फ टाकावा आणि काम सकाळी उरकावे. (शेजाऱ्यांची झोप आणि यंत्राचे आयुष्य यांचा मेळ प्रत्येकाने आपापल्या इमारतीच्या स्वभावाप्रमाणे घालावा.) नळाच्या जड पाण्याने आत क्षारांचा थर बसतो. ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे बॅटरीत घालतात ते, थोडे महाग पडले तरी वापरावे.

आता पाण्याचा विचार करू. दुकानदार त्याला ‘मॉइश्चर’ म्हणतात. आपण त्याला सरळ पाणीच म्हणावे, म्हणजे त्याचे गांभीर्य पटते. ऑगस्टमधील एखाद्या दमट दिवशी तापमान ३२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम पाण्याची वाफ असते. २०० मिलिलिटरची टाकी २०० बारपर्यंत भरण्यासाठी चाळीस लिटर मोकळी हवा लागते. म्हणजे तिच्याबरोबर एक ग्रॅमहून किंचित जास्त पाणी यंत्रात शिरते. दाबलेली हवा पुन्हा ३२ अंशांवर आली की त्या इवल्याशा जागेत वाफेच्या रूपाने ग्रॅमचा शंभरावा भागही राहू शकत नाही. बाकीचे सारे पाणी होते. दहा लिटरचे सिलिंडर भरले तर हेच पाणी पन्नास ग्रॅमच्या वर जाते. जानेवारीतील धुक्याच्या सकाळी, दहा अंश तापमानाला, आर्द्रता तितकीच असूनही एका घनमीटरमध्ये साडेसात ग्रॅमच पाणी असते. म्हणजे तेच यंत्र, तीच टाकी, पण पावसाळ्यात साडेतीनपटींहून अधिक पाणी. जो सल्ला हिवाळ्यात पुरतो तो श्रावणात पुरत नाही, याचे कारण एवढेच आहे.

हे पाणी काढण्यासाठी यंत्राला निचऱ्याच्या झडपा असतात. मोटार सुरू करताना त्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे मोटारीवर भार पडत नाही. पाणी खेळू लागले हे पाहून मग त्या बंद कराव्यात. भरणे लांबत असेल तर दर पाच मिनिटांनी, आणि पावसाळ्यात त्याहूनही लवकर, त्या क्षणभर उघडाव्यात. फस्सकन निघणाऱ्या हवेबरोबर दुधट तुषार येतात. ते पाणी व तेल यांचे मिश्रण होय. उरलेली वाफ टिपण्यासाठी पुढे एक गाळणी जोडतात. तिच्यात साबुदाण्यासारखे दिसणारे आण्विक चाळणीचे दाणे आणि तेलाचा वास शोषणारा सक्रिय कोळसा असतो. दाण्यांचे काम शेवटची वाफ टिपण्याचे आहे. निचरा न करता सारे पाणी त्यांच्यावर सोडले तर ते काही मिनिटांतच भिजून निरुपयोगी होतात. पाणी बंदुकीच्या टाकीत गेले तर ताबडतोब काहीच घडत नाही, आणि हाच त्यातला खरा धोका आहे. पोलादी टाकी आतून गंजते, ॲल्युमिनियमच्या टाकीत खड्डे पडतात, नियामकाची झडप चिकटू लागते. नेमबाजाला फक्त एवढेच दिसते की छर्रे कधी वर, कधी खाली लागत आहेत. आणि बिचारा आपल्या श्वासाला दोष देत बसतो.

तेलाच्या बाबतीत काटकसर मुळीच करू नये. मोटारसायकलचे उरलेले तेल कॉम्प्रेसरमध्ये घालण्याचा मोह अनेकांना होतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापवलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. उच्चदाब कॉम्प्रेसरचे डोके याहून फारसे वेगळे नाही. म्हणून तेथे उच्च ज्वलनांकाचे, कॉम्प्रेसरसाठीच बनवलेले कृत्रिम तेलच हवे. तेलात पाणी मिसळले की ते ताकासारखे पांढरट दिसते; असे दिसताच ते बदलावे. नव्या यंत्राचे पहिले तेल काही तासांतच बदलणे योग्य, कारण त्यात धातूचा कीस उतरलेला असतो. बंदुकीच्या बाजूला तर खनिज तेलाचा थेंबही जाता कामा नये. तेथील ओ-रिंगांना फक्त सिलिकोनचे ग्रीस लावावे.

याहून मोठा धोका प्राणवायूचा आहे. एप्रिल-मे २०२१ मधील कोविडच्या लाटेत दिल्लीत प्राणवायूच्या सिलिंडरांसाठी लोकांची जी धावपळ झाली ती सर्वांना आठवत असेल. तसे एखादे सिलिंडर माळ्यावर पडलेले असेल आणि त्यातही दीडशे बार दाब आहे हे पाहून त्यानेच बंदूक भरावी, असा विचार एखाद्याच्या मनात येणे अशक्य नाही. असे कदापि करू नये. दाबाखालील प्राणवायूत तेलाचा किंवा ग्रीसचा अंश आला की तो स्फोटक वेगाने पेटतो आणि त्यात धातूही जळतो. रिकामे प्राणवायूचे सिलिंडर कॉम्प्रेसरने भरणे हेही तितकेच घातक आहे. शिवाय या तेलकट यंत्राची हवा श्वसनासाठी, पोहणाऱ्याला किंवा रुग्णाला, कधीही देऊ नये.

भरण्याची घाई करू नये. मोठे यंत्र लहान टाकी मिनिटभरातच भरून टाकते, पण तेव्हा टाकीतील हवा गरम असते. साठ अंशांच्या हवेने २०० बार दाखवले तर ती तीस अंशांवर येताच काटा १८२ वर उतरतो. पुष्कळ जण ही गळती समजून नाहक झडप खोलतात. उलट दिशेचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे: थंड खोलीत पंचवीस अंशांवर २०० बारला भरलेली टाकी मे महिन्यात बंद मोटारीत पासष्ट अंशांपर्यंत तापली, तर दाब २२७ च्या आसपास जातो.

काम संपल्यावर आधी टाकीची झडप बंद करावी, मग निचऱ्याच्या झडपा उघडून जोडनळीतील हवा सोडावी, दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याची खात्री करावी आणि मगच जोडणी काढावी. जोडणी हाताने फिरत नसेल तर आत दाब आहे असे समजावे. पाना घेऊन तिच्याशी झटापट करू नये. दाबाखाली सुटलेली जोडनळी चाबकासारखी फिरते. झडपा उघड्या ठेवून यंत्र आणखी मिनिटभर चालवले की आतले उरलेसुरले पाणीही निघून जाते. आपोआप थांबण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. तिच्यावर विसंबून दुसऱ्या खोलीत जाऊ नये. शेवटचा आधार म्हणजे ठरावीक दाबाला फुटणारी धातूची चकती. ती फुटली की लोक तिच्या जागी दुहेरी चकती किंवा जाड पत्रा बसवतात; फ्यूजच्या जागी जाड तार घालण्यासारखाच हा प्रकार आहे.

गॅस सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांच्या व्याख्येत पाचशे मिलिलिटरहून मोठी टाकी येते. त्यामुळे साठ्याचे मोठे सिलिंडर मान्यताप्राप्त केंद्रात ठरलेल्या मुदतीने जलदाब चाचणीला द्यावे लागते. बंदुकीची लहान टाकी या व्याख्येबाहेर राहते. तिच्यावर निर्मात्याने मुदत कोरलेली असते, बहुधा दहा वर्षांची, आणि मुदत उलटलेली टाकी न वापरण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी खुद्द खेळाडूवर टाकली आहे. जुनी रायफल विकत घेताना नळी आणि दस्ता पाहतात तसा हा कोरलेला आकडाही पाहावा. मुदत संपलेली टाकी स्वस्तात मिळाली तरी तिची किंमत शून्यच धरावी.

यंत्राजवळ एक वही ठेवावी. तारीख, हवामान, किती तास चालले, तेल कधी बदलले, दाणे कधी बदलले, आणि १०० पासून २०० बारपर्यंत जायला किती सेकंद लागले, एवढे लिहिले तरी पुरे. हा शेवटचा आकडा महिनोन्‌महिने स्थिर राहतो. तो वाढू लागला की दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत किंवा झडपेत काजळी बसली आहे असे समजावे आणि, यंत्र चालत असले तरी, ते खोलण्यासाठी वेळ काढावा.