मोठ्या फायली मागवताना

दिवाळी अंकासाठी छायाचित्रं मागवली की निम्मी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, दबून लहान झालेली, छपाईला निरुपयोगी. जीमेलवरून जोडून पाठवायची मर्यादा २५ एमबी. मग क्लाउड.

इथे आधी पाहायचं, जागा कोणाची भरणार? गूगल ड्राइव्हचं फोल्डर सगळ्यांना खुलं केलं, तर फाइल टाकणाऱ्याच्याच मालकीची राहते आणि त्याच्याच मोफत १५ जीबीत मोजली जाते. त्यात त्याची जीमेल आणि फोटोही आले. शिवाय फोल्डरमध्ये बदल करायची मुभा असल्याने एकाची फाइल दुसऱ्याच्या हातून हलू शकते. अनोळखी मंडळींना ही वाट देऊच नये. गूगल फॉर्ममधून मागवलं तर फाइल तुमच्या ड्राइव्हमध्ये येते, जागाही तुमची जाते. पण पाठवणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. वयस्कर लेखक नेमके इथे अडतात.

त्यांच्यासाठी ड्रॉपबॉक्सची ‘फाइल रिक्वेस्ट’ खरंच सोयीची. खातं लागत नाही. लिंक उघडायची, फाइल निवडायची, नाव आणि ईमेल लिहायचा, झालं. एकाचं दुसऱ्याला दिसतही नाही. मोफत खात्यात जागा मात्र २ जीबीच, तेव्हा आलेलं रोजच्या रोज उतरवून तिथून काढून टाकावं.